शहराची बेगमी : फेब्रुवारी १९४२ आणि तांदळाचा डबा

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. वाचायला सोपं जावं म्हणून मध्ये छोटे मथळे टाकलेत, बाकी बोलणं जवळपास तसंच ठेवलंय.)



हा भाग रेकॉर्ड करतेय तेव्हा थंडी निघायला लागली आहे. सकाळी अजून शाल लागते, पण अकरा वाजले की पंखा लावावासा वाटतो. भाजीवाल्याकडे ओल्या हरभऱ्याच्या जुड्या दिसतात, आंब्याला मोहोर आलाय, आणि घरोघरी परीक्षांचं वातावरण आहे. म्हणजे सगळं दरवर्षीसारखंच. फक्त फोन उघडला की युद्ध, तेलाचे भाव, कुठली तरी सामुद्रधुनी, कुठलं तरी बंदर. आपण बातमी वाचतो, जरा वेळ अस्वस्थ होतो, फोन पालथा ठेवतो आणि कुकर लावायला उठतो.

मागच्या भागानंतर एका ताईंनी विचारलं होतं, की जगात एवढं काही चाललेलं असताना आपण भाजी निवडत बसतो, याची कधी कधी लाज वाटते. पूर्वीच्या लोकांना असं होत असेल का? प्रश्न मनात राहिला. म्हणून आज आपण अशाच एका फेब्रुवारीत जाणार आहोत. साल १९४२, ठिकाण मुंबई. आणि गोष्ट भाजीची नाही, तांदळाची आहे.

सगळे वर बघत होते

आधी त्या दिवसांचा अंदाज घेऊ. दुसरं महायुद्ध १९३९च्या सप्टेंबरात सुरू झालं. पण मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या माणसासाठी पहिली दोन वर्षं ते तसं लांबचं होतं. महागाई होती, सैन्यभरती होती, गिरण्यांना कापडाच्या ऑर्डरी होत्या. काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने १९३९च्या नोव्हेंबरात राजीनामा दिल्यामुळे मुंबई प्रांतात गव्हर्नरची राजवट होती. युद्ध मात्र युरोपात होतं.

१९४१च्या डिसेंबरात जपान युद्धात उतरला आणि चित्रच बदललं. २३ डिसेंबरला रंगूनवर बॉम्ब पडले. १५ फेब्रुवारी १९४२ला, रविवारी, सिंगापूर पडलं. इंग्रजांचा अभेद्य किल्ला म्हणून ज्याची ख्याती, तो जेमतेम आठवड्याभरात गेला. ऐंशी हजारांहून अधिक सैनिक कैद झाले, आणि त्यांत हिंदुस्थानी जवानांची संख्या मोठी होती. महाशिवरात्र नुकतीच होऊन गेली होती. उपासाची भांडी अजून पुरती जागेवर गेली नसतील, तोवर ही बातमी आली.

त्यानंतर काही दिवसांतच जर्मनीतून रेडिओवर सुभाषबाबूंचा आवाज ऐकू आला. शत्रूचं रेडिओ स्टेशन ऐकणं म्हणजे धोक्याचं काम, तरी लोक दारं लावून, आवाज बारीक करून ऐकत. आणि जे ऐकत नसत त्यांना दुसऱ्या दिवशी नळावर, गाडीत, गिरणीच्या दारात सगळं कळत असे, थोडं वाढवूनच.

मुंबईत खिडक्यांना काळे कागद लागले, दिव्यांवर टोपणं आली, सायरनची तालीम सुरू झाली. ज्यांचं गावी घर होतं, त्यांच्यापैकी काहींनी बायकामुलांना पाठवून दिलं. विमान येईल, बॉम्ब पडेल, ही भीती खरी होती. एप्रिलमध्ये कोलंबो, विशाखापट्टणम आणि काकीनाडा इथे ते घडलंही. मुंबईवर मात्र जपानी बॉम्ब शेवटपर्यंत पडला नाही.

सगळे वर आकाशाकडे बघत होते, आणि संकट आलं ते खालून, तांदळाच्या डब्यातून.

रंगूनचा तांदूळ आपल्या ताटात कसा?

इथे थोडं मागे जावं लागेल. ब्रह्मदेशाच्या दक्षिणेला इरावती नदीचं मोठं खोरं आहे. हा भाग इंग्रजांनी १८५२च्या युद्धात घेतला. तेव्हा तिथे बराचसा दलदलीचा, जंगलाचा प्रदेश होता. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत तो साफ करून तिथे भातशेती केली गेली. पैसा बराचसा तमिळ चेट्टियार सावकारांचा, आणि मजुरांत आपल्याकडच्या तेलुगू, तमिळ, ओडिया माणसांचा भरणा. महायुद्धाच्या आधी ब्रह्मदेश हा जगातला सगळ्यात मोठा तांदूळ निर्यात करणारा देश झाला होता. वर्षाला साधारण ३० लाख टन तांदूळ बाहेर जायचा, आणि त्यातला निम्म्याच्या आसपास, म्हणजे सुमारे १५ लाख टन, हिंदुस्थानात यायचा.

१९३७पर्यंत तर ब्रह्मदेश हा कारभाराच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. त्यामुळे रंगूनचा तांदूळ 'परदेशी' आहे असं कुणाच्या मनातही येत नसे.

आपल्या कोकणाशी याचं एक वेगळंच नातं आहे. १८८५मध्ये इंग्रजांनी उरलेला ब्रह्मदेशही घेतला आणि थिबा राजाला पकडून रत्नागिरीत आणून ठेवलं. १८८६पासून १९१६ साली मरेपर्यंत तो तिथेच होता. त्याचा राजवाडा आजही उभा आहे, आपण पर्यटक म्हणून बघून येतो. म्हणजे राजा रत्नागिरीत नजरकैदेत, आणि ज्या देशाचा तो राजा, तिथला तांदूळ बोटींतून आपल्या किनाऱ्यावर उतरतोय. रत्नागिरी जिल्ह्यात स्वतःचा तांदूळ वर्षभर पुरत नसे. घरातला पुरुष मुंबईला, आणि घर त्याच्या मनीऑर्डरीवर. त्या मनीऑर्डरीतून जे धान्य यायचं, त्यात बाहेरच्या तांदळाचा वाटा होता.

आता हिशेब बघा. सगळ्या हिंदुस्थानचं तांदळाचं उत्पादन तेव्हा अडीच कोटी टनांच्या आसपास. त्यात १५ लाख टन म्हणजे पाच-सहा टक्के. शंभर दाण्यांत पाच-सहा दाणे. कागदावर बघितलं तर एवढ्याने उपासमार होऊ नये. सरकारी अधिकाऱ्यांनाही सुरुवातीला तसंच वाटत होतं.

पण हे पाच-सहा दाणे सगळ्यांच्या ताटातून सारखे कमी होणार नव्हते. जे स्वतः पिकवत होते, त्यांना फरक पडत नव्हता. फटका होता तो विकत घेऊन खाणाऱ्यांना : मुंबई, कोकण, मलबार, त्रावणकोर-कोचीन, म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसांना.

शिमगा आणि रंगून

त्या वर्षी होळी मार्चच्या अगदी सुरुवातीला आली. शिमगा म्हटलं की चाकरमान्याला गाव आठवतंच. भाऊच्या धक्क्यावर गर्दी, पालखी नाचवायला जायची घाई. ८ मार्चला, म्हणजे शिमग्याची धूळ खाली बसायच्या आत, रंगून पडलं.

त्याच्या कितीतरी आधीपासून तिथली हिंदुस्थानी माणसं निघाली होती. ज्यांना बोटीत जागा मिळाली ते बोटीने आले. बाकीचे चालत, आराकानच्या डोंगरांतून आणि मणिपूरच्या बाजूने. काही लाख माणसं अशी आली आणि वाटेत हजारोंनी मेली. ज्या तांदळावर आपली चूल चालायची, तो पिकवणारे, कांडणारे, बोटीत चढवणारे हात त्या वाटेने परत येत होते.

आता मुंबईच्या गिरणगावात येऊ. एका खोलीत दहा-बारा पुरुष, बायका गावी. जेवायला खाणावळ. खाणावळ चालवणारी बाई महिन्याच्या उधारीवर वाण्याकडून धान्य उचलणार, पगार झाला की गडी तिचे पैसे देणार, मग ती वाण्याचे देणार. ही साखळी वर्षानुवर्षं चालत आलेली. आता वाणी म्हणतो, भाव वाढलाय. पुढच्या आठवड्यात म्हणतो, अजून वाढलाय. मग म्हणतो, उधारी बंद. रंगून पडलं याचा अर्थ त्या बाईला नकाशा न बघता समजला असणार.

बेगमी

आजच्या भागातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आता येतोय : बेगमी.

माघ-फाल्गुन म्हणजे आपल्याकडे वर्षाचं भरून ठेवायचे दिवस सुरू होतात. नवं धान्य बाजारात आलेलं असतं, उन्हं चढायला लागतात, आणि पावसाळ्याआधी घरात काय काय हवं त्याचा हिशेब घरची बाई करायला लागते. तांदळाला बोरिक पावडर, डाळींना ऊन, चिंच, मिरच्या, पापड. यात वाईट काहीच नाही. बेगमी करणारी गृहिणी ही शहाणी गृहिणी. आपल्या आज्यांनी हे शहाणपण आपल्याला शिकवलं.

पण १९४२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भीतीपोटी सगळ्यांनीच एकदम बेगमी करायला घेतली तर काय होईल? ज्याच्या हातात पैसे आहेत तो एकाऐवजी दोन पोती घेईल. व्यापारी म्हणेल, आज विकण्यापेक्षा महिन्याने विकू. शेतकरी म्हणेल, माझ्याही घरात असू दे थोडं जास्त. प्रत्येकाचं वागणं त्याच्या जागी समजण्यासारखं. आणि या सगळ्यांची बेरीज म्हणजे बाजारातून धान्य गायब. पाच-सहा टक्क्यांची तूट अशी फुगत जाते. रोजच्या रोज दोन शेर घेणारा माणूस, ज्याच्याकडे पोतं घ्यायला पैसे नाहीत आणि ठेवायला जागाही नाही, तो मग रांगेत उभा राहतो.

१९४२ हे रांगांचं वर्ष ठरलं. धान्याला रांग, रॉकेलला रांग, साखरेला रांग. सुटे पैसेसुद्धा मिळेनासे झाले, कारण लोक नाणी साठवायला लागले, धातूही युद्धाकडे वळला. १९४३मध्ये सरकारने मधे भोक असलेला पैसा काढला, तो तांबं वाचवण्यासाठी. आपल्या घरातल्या जुन्या डब्यात 'भोकाचा पैसा' असेल, तर तो याच टंचाईचा आहे.

ही गोष्ट घरापाशी थांबली नाही. प्रांतांनीही तेच केलं. आमचं धान्य बाहेर जायला नको म्हणून एकेका प्रांताने निर्यातबंदी केली. घराने दार लावलं, मग दुकानाने लावलं, मग प्रांताने लावलं. वर्धा-सेवाग्रामहून गांधीजी १९४२च्या सुरुवातीलाच 'हरिजन'मध्ये अन्न आणि वस्त्रांच्या टंचाईबद्दल लिहीत होते. सरकारने मात्र अन्नाचं स्वतंत्र खातं काढलं ते १९४२च्या डिसेंबरात, रंगून पडून नऊ महिने झाल्यावर.

दोन शहरं, दोन तारखा

मुंबईत २ मे १९४३ला रेशनिंग सुरू झालं. हिंदुस्थानातल्या मोठ्या शहरांत सगळ्यात आधी. १९४१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १५ लाख होती. एवढ्या लोकांची घरोघर नोंद करायची, कार्डं छापायची, दुकानं ठरवायची, धान्य बाहेरून मिळवायचं आणि प्रत्येक दुकानात वेळेवर पोचवायचं. इतिहासाच्या पुस्तकात हे चार ओळींत संपतं, कारण यात ना लढाई आहे, ना भाषण. पण विचार करा, हे काम केवढं आहे. ही सगळ्या शहराची मिळून केलेली बेगमी होती.

लोक खूश होते का? अजिबात नाही. भात खाणाऱ्या घरात गहू आला, बाजरी आली. धान्यात खडे, वास, किडे. कार्डावर खोटी नावं चढली. 'काळा बाजार' हा शब्द तोंडी बसला तो याच काळात. आणि शहराचं पोट भरायला प्रांतातल्या शेतकऱ्याकडून सक्तीने लेव्ही घेतली जाऊ लागली, ठरलेल्या भावाने. 'लेव्ही' म्हटलं की खेड्यातल्या जुन्या माणसांच्या कपाळाला आठी पडायची. त्याच वर्षी प्रांताच्या दक्षिणेला, विजापूरकडे, दुष्काळ होता. म्हणजे मुंबईची बेगमी काही आकाशातून पडली नाही, तिची किंमत कुणीतरी दिली.

आता दुसरं शहर, कलकत्ता. तिथे रेशनिंग सुरू झालं ३१ जानेवारी १९४४ला. मुंबईनंतर नऊ महिन्यांनी. मधल्या काळात बंगालमध्ये काय झालं ते आपल्याला माहीत आहे. मृतांचे अंदाज २० लाखांपासून ३० लाखांच्या वर जातात.

इथे घाईने निष्कर्ष काढायला नको. बंगालचा दुष्काळ नुसत्या रेशनकार्डाच्या उशिरामुळे झाला नाही. जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने १९४२मध्ये किनारी भागातल्या हजारो होड्या काढून घेतल्या, काही मोडून टाकल्या. त्यामुळे मासेमारी आणि वाहतूक दोन्ही कोलमडली. ऑक्टोबर १९४२मध्ये मेदिनीपूरला भयंकर चक्रीवादळ झालं. युद्धखर्चासाठी नोटा छापल्या गेल्या, भाव भडकले. लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाने धान्यासाठी मागितली तेवढी जहाजं दिली नाहीत. आणि मेले ते कलकत्त्याचे पगारदार लोक नाहीत, तर खेड्यातले शेतमजूर, कोळी, कारागीर. त्यांच्यातले अनेक शहराच्या फुटपाथवर येऊन मेले. अमर्त्य सेन यांनी १९८१च्या आपल्या पुस्तकात हाच मुद्दा मांडला : धान्य कमी आहे का, एवढंच विचारून चालत नाही, ते कुणाच्या हातात पोचू शकतं, हे विचारायला हवं.

मुंबई वाचली यात सरकारचं पुण्य किती आणि गरज किती, हेही बघायला हवं. मुंबई युद्धाचं बंदर होतं. गोदी चालायला हवी, गिरण्या चालायला हव्यात, म्हणून त्या कामगाराला खायला मिळालं. बंगालच्या खेड्यातल्या कोळ्याची युद्धाला तेवढी गरज नव्हती. हे कटू आहे, पण तसंच आहे.

तरीही एक गोष्ट उरते. जे एका शहरात जमलं, ते जमण्यासारखं होतं. १९४३च्या सप्टेंबरात सरकारच्या ग्रेगरी समितीनेही एक लाखावर वस्तीच्या शहरांत रेशनिंग करा, प्रौढ माणसाला दिवसाला किमान एक पौंड धान्य मिळेल असं बघा, अशी शिफारस केली. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. त्यावेळी हा फार मोठा शब्द होता. अमुक एवढं तर प्रत्येकाला मिळालंच पाहिजे, हे कुणीतरी आकड्यात लिहीत होतं.

'कंट्रोल' म्हणजे काय?

युद्ध १९४५मध्ये संपलं, रेशन संपलं नाही. १९४७च्या अखेरीस नियंत्रणं उठवली, भाव भडकले, पुन्हा आणली. १९५४मध्ये रफी अहमद किडवई अन्नमंत्री असताना ती उठली. साठच्या दशकात टंचाई आली, अमेरिकेचा गहू आला, आणि रेशनचं दुकान पुन्हा गल्लीच्या कोपऱ्यावर ठाण मांडून बसलं. ते आजवर.

माझी आजी रेशनच्या दुकानाला कधीच रेशनचं दुकान म्हणाली नाही. ती म्हणायची 'कंट्रोल'. "कंट्रोलवर साखर आलीये, पिशवी घेऊन जा." लहानपणी मला वाटायचं, वाण्याचं आडनावच कंट्रोल आहे! पुढे हा काळ वाचायला लागले तेव्हा कळलं, की आजी रोज बोलता बोलता महायुद्धातला एक शब्द वापरत होती. तिच्याकडे सिंगापूरची आठवण नव्हती, रंगूनची नव्हती. पण पिशवी कुठे टांगलेली आहे आणि कार्ड कुठल्या डब्यात आहे, हे तिला अंधारातही सांगता आलं असतं.

२०२०च्या मार्चमध्ये, तेव्हाही थंडी नुकतीच संपली होती, आपण काय केलं ते आठवा. टाळेबंदी लागणार म्हटल्यावर ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी दुकानं रिकामी केली. मीही केली, खोटं कशाला बोलू. पाच किलोची पिशवी घ्यायला गेले आणि दोन घेऊन आले. आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते, त्यांच्यासाठी एप्रिलपासून माणशी पाच किलो मोफत धान्य आलं ते याच 'कंट्रोल'मधून. ते मिळायला जिथे कार्ड नव्हतं, किंवा कार्ड गावी आणि माणूस शहरात होता, तिथे हाल झालेच. पण दुकान होतं, यादी होती, गोदाम होतं. ते त्या आठवड्यात नव्याने उभं करता आलं नसतं.

तर ताईंच्या प्रश्नाकडे परत येते. जगात एवढं चाललेलं असताना भाजी निवडत बसणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. १९४२मध्येही लोकांनी तेच केलं, दुसरं काय करणार? शिमगा झाला, लग्नं झाली, मुलं शाळेत गेली. जगाची काळजी आणि घरची चूल या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. लांबचं बंदर पडतं आणि खाणावळवालीची उधारी बंद होते.

लाज वाटायचीच असेल तर ती दुसऱ्या पिशवीची वाटू दे, जी मी २०२०मध्ये उचलली. आपल्या घराची बेगमी आपण करतोच. आपल्या गल्लीची, आपल्या शहराची बेगमी कोण करतंय, तिथलं गोदाम भरलेलं आहे का, यादीत कुणाचं नाव राहून गेलंय, हे शांततेच्या दिवसांत विचारायचे प्रश्न आहेत. सायरन वाजल्यावर त्यांची उत्तरं मिळत नाहीत.

तुमच्या घरी जुनं रेशनकार्ड जपून ठेवलेलं असेल तर एकदा काढून बघा. त्यावर कुणाकुणाची नावं आहेत, किती युनिट आहेत, कुणाचं नाव कापलंय, कुणाचं नव्याने लिहिलंय. घरात कोणी ऐंशी-नव्वदीतलं असेल तर विचारा, कंट्रोलवर काय काय मिळायचं. आणि आम्हाला कळवा. पुढच्या एखाद्या भागात त्या आठवणी नक्की घेऊ.

आज इथेच थांबते. चूल वाट बघतेय. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.